काडी कोणी टाकली? सूर्यावरच्या उद्रेकाचा दीडशे वर्षांचा शोध

मे २०२४ची गोष्ट. कुरखेड्याला आपाकडे मुक्कामी होतो. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होता. दिवसभर अंगाची लाही झालेली, म्हणून रात्री सगळ्यांच्या खाटा अंगणात. लांब डोंगराच्या कडेला, जंगलात, आगीची एक लाल रेघ दिसत होती. गडचिरोलीच्या माणसाला उन्हाळ्यातलं हे दृश्य नवं नाही.

विज्ञान शाखेत शिकणारा भाचा मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. आदल्या रात्री लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी लाल झालेलं आभाळ टिपलं होतं. नॉर्वे-कॅनडाकडे दिसणारा ध्रुवीय प्रकाश भारतात दिसला होता. फोटो दिवसभर फिरत होता.

“मामू, सूर्यावर भडका उडाला म्हणून आभाळ लाल झालं म्हणतात. पण सूर्यावर भडका उडवतं कोण?”

मी डोंगराकडे बोट दाखवलं. “ती आग कोणी लावली?”

“टाकली असेल कोणीतरी काडी.”

त्याचं हे उत्तर चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. मोहफुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, ती आग कधी पुढे सरकते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तीच काडी श्रावणात टाकली तर काय होईल? काहीच नाही. वणव्याला काडी लागते, तसा महिनोन् महिने साचलेला, वाळलेला पालाही लागतो. आपण काडीबद्दल बोलतो, कारण काडीला एक हात असतो आणि त्या हाताला दोष देता येतो. पाल्याला दोष देता येत नाही.

इतिहासाचंही आपण असंच करतो. शाळेत १८५७चं कारण विचारलं की आम्ही एका सुरात ‘काडतुसं’ म्हणायचो. मग १८५८मध्ये आमच्या चांद्यात बाबूराव शेडमाके का उठले? त्या गोंड जमीनदाराचा काडतुसांशी काय संबंध? २१ ऑक्टोबर १८५८ला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्यामागचा साठा कितीतरी आधीपासून जमत आलेला होता.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना लक्षात आलं, की सूर्याचा अभ्यास करणाऱ्यांनाही काडी आणि पाला यांतला फरक कळायला दीडशे वर्षं लागली. त्या शोधाचा बराचसा रस्ता आपल्याच मुलखातून जातो. म्हणून हा लेख.

सूर्यावरचे ढग

आधी शब्द समजून घेऊ. सूर्याच्या भोवती अतितप्त, विरळ वायूचं एक आवरण आहे. त्याला किरीट म्हणजे कोरोना म्हणतात. त्याचं तापमान दहा लाख अंशांच्या वर. या भट्टीत काही ठिकाणी तुलनेनं थंड आणि दाट वायूचे लांबच लांब पट्टे अधांतरी तरंगत असतात. थंड म्हणजे सूर्याच्या हिशेबानं थंड, साधारण दहा हजार अंशांच्या आत. एकेक पट्टा लाखो किलोमीटर लांब असू शकतो. पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार किलोमीटरही नाही, यावरून अंदाज घ्या.

हा पट्टा सूर्याच्या तेजस्वी तबकडीसमोर आला की काळ्या दोरीसारखा दिसतो. त्याला फिलामेंट किंवा सौरतंतू म्हणतात. तोच पट्टा सूर्याच्या कडेला गेला, मागे काळं आकाश आलं, की लालसर ज्वाळेसारखा उजळ दिसतो. तेव्हा त्याचं नाव प्रॉमिनन्स. वस्तू एकच, पाहण्याची जागा वेगळी.

असा पट्टा दिवसचे दिवस, कधी आठवडेच्या आठवडे शांत पडून असतो. मग एके दिवशी उचलला जातो, वेग घेतो आणि चुंबकीय क्षेत्रासह अब्जावधी टन वायू अवकाशात फेकला जातो. ३१ ऑगस्ट २०१२ला अशाच एका लांबलचक फिलामेंटचा उद्रेक झाला. त्यातून निघालेला ढग सेकंदाला सुमारे १,४५० किलोमीटर वेगानं सुटला होता. मे २०२४चं वादळ एका प्रचंड डागसमूहातून लागोपाठ सुटलेल्या ढगांचं होतं. अशा ढगांपैकी मोठा वाटा कुठल्या ना कुठल्या फिलामेंटच्या उद्रेकाशी जोडलेला असतो. ढग पृथ्वीवर आदळला तर होकायंत्राची सुई थरथरते, उपग्रह आणि रेडिओ बिघडतात, विजेच्या लांब तारांत नको ते प्रवाह वाहतात.

कुलाब्याची वही

हे सगळं कळण्याच्या कितीतरी आधी मुंबईत एका वहीत त्याची नोंद झाली होती.

१ सप्टेंबर १८५९ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत असताना त्याला डागांच्या समूहावर डोळे दिपवणारा प्रकाश दिसला. पाचेक मिनिटांत तो मावळला. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ सुरू झालं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बंद पडली, काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या. अमेरिकेत दोन ठिकाणच्या तारवाल्यांनी बॅटरी काढून ठेवली आणि तारेत आपोआप आलेल्या प्रवाहावर निरोप पाठवले.

तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय मोजमापं घेतली जात होती. तिथे हे काम १८४१पासून चालू होतं. आजच्यासारखी यंत्रं नव्हती. माणूस डोळा लावून काटा वाचायचा आणि वहीत आकडा लिहायचा. दर तासाला, दिवसा आणि रात्री. काटा बिचकू लागला की अधिक वेळा. २ सप्टेंबरला काटा असा घसरला, की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लानं खाली आल्याचं त्या आकड्यांतून निघतं. साध्या गडबडीत हा फरक काही दहांचा असतो, मोठ्या वादळात काही शेकड्यांचा.

आकडे वाचणाऱ्याला आपण काय टिपतो आहोत याची कल्पना असणं शक्य नव्हतं. काटा घसरला म्हणून त्यानं घसरलेला काटा लिहिला. ‘यंत्र बिघडलं असेल’ म्हणून ओळ मोकळी सोडली नाही. २००३मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लखिना व अलेक्स यांनी याच नोंदी तपासून त्या वादळाची ताकद काढली. तोवर १४४ वर्षं गेली होती. आज जगभर त्या वादळाचा हिशेब मांडताना कुलाब्याच्या आकड्यांचं नाव घेतलंच जातं.

या वहीचं पुढचं पानही सांगायला हवं. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा विजेच्या प्रवाहानं नोंदी खराब होतील हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली. ती १९०४मध्ये सुरू झाली. मूस यांनी जुनी लगेच बंद केली नाही. १९०६पर्यंत दोन्हीकडे सोबतच मोजमापं घेतली, म्हणजे जुना आणि नवा आकडा एकमेकांशी जुळवता यावा. विजेच्या ट्राम १९०७मध्ये धावल्या. तोवर नोंदींची साखळी सुरक्षित झाली होती.

विजयदुर्गचा साहेब

कुलाब्याच्या वहीत परिणाम होता. कारणाकडे जायचं तर सूर्याच्या कडेवरच्या त्या लाल ज्वाळा काय आहेत हे कळायला हवं होतं. तेव्हा त्या फक्त खग्रास ग्रहणात दिसत. त्या चंद्राच्या की सूर्याच्या, यावरच वाद होता. १८६०च्या स्पेनमधल्या ग्रहणात काढलेल्या छायाचित्रांनी त्या सूर्याच्याच, हे ठरवलं. पण त्या कशाच्या बनल्या आहेत?

उत्तर १८ ऑगस्ट १८६८ला हिंदुस्थानात मिळालं. त्या दिवशीच्या ग्रहणाची सावली पश्चिम किनाऱ्यापासून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत गेली. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. ऐन पावसाळा, ढग येत-जात होते. तरी मिळालेल्या क्षणांत त्यांना ज्वाळेच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत, मुख्यतः हायड्रोजनच्या. जान्सेन यांनी तर दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसताना, त्या रेषा पुन्हा पाहिल्या. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला हेच स्वतंत्रपणे साधलं. ज्वाळा पाहायला ग्रहणाची वाट बघण्याची गरज संपली. याच अभ्यासातल्या एका अनोळखी पिवळ्या रेषेतून पुढे हेलियमचं नाव आलं.

आता आपल्याकडची एक लोकप्रिय गोष्ट. १८६८मध्ये लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला, असं आपण वाचतो, ऐकतो, पोरांना सांगतो. किल्ल्यावरचे ओटे त्याची खूण म्हणून दाखवतो. लॉकियर १८६८मध्ये इंग्लंडात होते. ते विजयदुर्गला आले २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी, ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेच्या खलाशांना हाताशी घेऊन. हेलियम तोवर पृथ्वीवरही सापडला होता, १८९५मध्ये. दोन वेगळ्या भेटीगाठी जोडून आपण एक सोपी गोष्ट तयार केली, एक साहेब, एक ओटा, एक शोध. यात विजयदुर्गचा मान वाढत नाही. उलट जमखंडीचं नाव पुसलं जातं आणि १८९८चं खरं महत्त्व हरवतं.

१८९८च्या ग्रहणाची सावली विजयदुर्गला जमिनीवर आली आणि महाराष्ट्र तिरका कापत विदर्भातून पुढे गेली. प्लेगचे दिवस होते. तरी करमाळा तालुक्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली माणसं घेऊन उतरले होते. पुलगावला न्यूऑल यांची तुकडी, वऱ्हाडातल्या तळणीला मॉन्डर पती-पत्नी आणि जॉन एव्हरशेड. कुरखेडा या पट्ट्याच्या बाहेर राहिलं. तिथे त्या दुपारी ऊन मंद झालं असेल, सूर्याची कोर उरली असेल. त्याची वही कोणी ठेवली नाही.

पुण्याहून कोडाईकनालला

नायगमवालांनी पुण्यात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीमुळे हे नाव. तिथली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातली मोठी होती. १९१२मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान तामिळनाडूतल्या कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत गेलं.

तळणीला आलेले एव्हरशेड १९०७मध्ये त्याच कोडाईकनालला नोकरीवर आले आणि पुढे संचालक झाले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी १८९०पासून १९१४पर्यंतच्या प्रॉमिनन्सच्या नोंदी एकत्र करून १९१७मध्ये त्यांचा ग्रंथ काढला. मेरी यांनी डागांजवळच्या प्रॉमिनन्सचे प्रकार वेगळे लावले. कोडाईकनालला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सूर्याची रोजची छायाचित्रं काचेवर घेतली गेली. ढग नसतील त्या दिवशी एक चित्र. शंभरावर वर्षं.

फ्रान्समध्ये म्युदों इथेही हेच चाललं होतं. रोजची चित्रं शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट वारंवार दिसू लागली. काल असलेली काळी दोरी आज नाही. विरघळण्याचा माग नाही, एकदम गायब. फ्रेंचांनी तिला ‘अचानक नाहीशी होणं’ असंच नाव दिलं. कधी ती काही दिवसांत त्याच जागी पुन्हा तयारही व्हायची. म्हणजे दोरी गेली तरी तिला धरणारी व्यवस्था खाली शिल्लक होती. हा मोठा धागा होता. एका चित्रावरून तो हाती लागला नसता.

पाला आणि काडी

ही व्यवस्था म्हणजे चुंबकीय क्षेत्र. सूर्याच्या पृष्ठभागावर उत्तर आणि दक्षिण ध्रुवतेचे प्रदेश शेजारी-शेजारी असतात. त्यांच्या सीमेवर, वर कमानीसारख्या गेलेल्या बलरेषांच्या आत, फिलामेंट झोळीतल्या बाळासारखं पडून असतं. खालचा पृष्ठभाग मात्र सतत सरकत असतो. सीमेच्या एका बाजूचे पाय इकडे, दुसऱ्या बाजूचे तिकडे ओढले जातात. बलरेषा तिरप्या होतात, एकमेकींत गुंततात, पीळ बसतो. सुंभ वळताना जसा हाताला ताण जाणवतो, तसा ताण त्या क्षेत्रात साठत जातो. हा पाला. तो साचायला दिवस लागतात, आठवडे लागतात.

मग सुटतं कशानं? गेल्या चाळीसेक वर्षांत शास्त्रज्ञांनी अनेक काड्या ओळखल्या.

पहिली, तंबूच्या दोऱ्या तुटण्यासारखी. दोरीला खाली बांधून ठेवणाऱ्या बलरेषा एकमेकींना भिडतात, तुटतात आणि नव्या जोड्या लावतात. बंध सैल झाला की दोरी वर सरकते, वर सरकली की आणखी बंध तुटतात.

दुसरी, पिळाची. सुंभाला प्रमाणाबाहेर पीळ दिला की तो मध्येच वेटोळं घालून उसळतो. चुंबकीय दोरीत साधारण सव्वा वेढ्याच्या पुढे ही अवस्था येऊ शकते, असं गणित सांगतं.

तिसरी, वरच्या झाकणाची. दोरीवर कमानींचा दाब असतो. उंचीबरोबर हा दाब फार लवकर कमी होत असेल, तर एका ठराविक उंचीपलीकडे गेलेली दोरी कोणी थांबवू शकत नाही. दाब पुरेसा राहिला तर ती उसळून पुन्हा खाली बसते. असे फसलेले उद्रेकही दुर्बिणींनी टिपले आहेत.

चौथी, खालून नवं क्षेत्र उगवणं. दोरीजवळ विरुद्ध ध्रुवतेचा नवा प्रदेश वर आला तर जुना समतोल ढळतो.

पाचवी, शेजाऱ्याची. १ ऑगस्ट २०१०ला सूर्याच्या जवळजवळ अर्ध्या भागावर एकामागून एक उद्रेक झाले. लांब अंतरावरची ही ठिकाणं चुंबकीय धाग्यांनी जोडलेली होती, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं.

यातली खरी कोणती, यावर आजही वाद चालतो. बहुतेक उद्रेकांत एकाहून जास्त काड्या असतात. एक दोरीला हलवते, दुसरी तिला सोडते. पण एका मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत आहे. उद्रेकाची ऊर्जा काडीत नसते. ती साठलेल्या क्षेत्रात असते. म्हणून तोच छोटा धक्का एका फिलामेंटला उधळतो आणि शेजारचं फिलामेंट ढिम्म हलत नाही.

उद्या काय होणार हे सांगायचं असेल, तर नुसत्या काडीकडे बघून भागत नाही. पीळ किती साचला, वरचं झाकण किती भक्कम, दोरी काही तासांपासून हळूहळू वर सरकते आहे का, हे बघावं लागतं. त्यासाठी रोज बघावं लागतं. २ सप्टेंबर २०२३ला निघालेलं आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४पासून पंधरा लाख किलोमीटरवरून हेच करतं आहे. त्यावरची अतिनील दुर्बीण ‘सूट’ पुण्याच्या आयुकात तयार झाली. किरीट पाहणारं उपकरण बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं आहे, जिच्या अखत्यारीत कोडाईकनालची वेधशाळा येते. नायगमवालांचं सामान पुण्यातून गेलं, तो धागा असा शंभर वर्षांनी पुन्हा पुण्याला येऊन भिडला.

कवडसा

रोज बघणं आणि लिहून ठेवणं ही आपल्यालाही अनोळखी गोष्ट नाही. मशिदीच्या भिंतीवर नमाजच्या वेळांचा तक्ता असतो. आपण घड्याळाकडे बघून पुढे जातो. पण त्या तक्त्यामागे सूर्याची उंची आणि सावलीची लांबी मोजणाऱ्या माणसांची लांब परंपरा आहे. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल-शातिर हे वेळा काढण्याच्याच कामावर होते. ते त्या काळातले थोर खगोलज्ञ. आणि इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी दाखवलं, की बारीक भोकातून पलीकडे पडलेला ग्रहणातला प्रकाश सूर्याच्या कोरीचाच आकार घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला आपाच्या घरातल्या कवेलूंखाली नेलं. फटींतून जमिनीवर गोल गोल कवडसे पडले होते. म्हटलं, “हे भोकांचे आकार नाहीत. भोकं वेडीवाकडी आहेत, कवडसे बघ कसे गोल. प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र. सूर्याकडे थेट बघायचं नाही, डोळे जातील. इथे बघ.”

तो खाली बसला. एका कवडशाखाली वहीचं पान सरकवलं, पेन्सिलीनं त्याची कड गिरवली आणि बाजूला तारीख-वेळ टाकली. “यात फिलामेंट दिसणार नाही ना?”

“नाही दिसणार.”

“मग?”

“उद्या परत गिरव.”

डोंगरावरची आग रात्रीतून विझली होती. चहा पिताना कोणीतरी म्हणालंच, काडी कोणी टाकली असेल. भाचा म्हणाला, “पाला किती साचला होता, ते आधी बघायला पाहिजे.”